हा आवाज कोणाचा?



पुनरुत्थानकाळातला चौथा रविवार आला की उपासनेत उत्तम मेंढपाळाचे शुभवर्तमान वाचले जाते. संत योहानाच्या दहाव्या अध्यायातला हा भाग आपल्याला जवळजवळ पाठ आहे. मेंढरे आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, त्याच्या मागे जातात आणि परक्याच्या मागे जात नाहीत, असे प्रभू येशू तेथे सांगतो. दरवर्षी आम्ही वेदीवरून त्यावर प्रवचन करतो, आपण ऐकता, शेवटी पाचारणासाठी प्रार्थना होते आणि ऊन तापायच्या आत घर गाठावे म्हणून सगळ्यांचीच पावले झपाझप पडू लागतात. चैत्र-वैशाखातले खानदेशचे ऊन कसे असते हे आपल्याला सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत आम्ही मोटारसायकलवरून जळगावहून धुळ्याला निघालो होतो. पारोळा मागे टाकल्यावर रस्त्याकडेच्या एका शेतात मेंढ्या बसवलेल्या दिसल्या. साक्रीकडचा ठेलारी होता. आम्ही लिंबाच्या सावलीला गाडी लावली, त्याच्याकडचे पाणी प्यालो आणि बोलता बोलता विचारले, "मेंढ्या खरेच तुझा आवाज ओळखतात का?" दोन दिवसांवर उत्तम मेंढपाळाचा रविवार आलेला होता, आम्हाला प्रवचनासाठी दाखला हवा होता! तो हसला आणि म्हणाला, "जुन्या वळखतस. नवी मेंढी शे ना, तिले कळत नई. रोज संगे ऱ्हायनी, मंग कळस."

म्हणजे बाजारातून नुकतीच आणलेली मेंढी कोणाच्याही हाकेला वळते. दुसऱ्याच्या कळपात जाते, प्रसंगी रस्त्यावर ट्रकसमोरही जाते. मालकाचा आवाज तिच्या कानी पडतोच, पण हाच आपला, हे तिला कळत नाही. ते सोबत राहूनच कळते. आम्हाला हवा तो दाखला मिळाला. पण त्या उत्तरात दडलेला प्रश्न त्या रविवारच्या प्रवचनात आम्ही सांगितला नाही, कारण तेव्हा तो आम्हालाच पुरता उमगला नव्हता. तो प्रश्न आज आपल्यासमोर मांडत आहोत. देव आपल्याशी बोलतो ही आपली श्रद्धा आहे. मग जो आवाज आपण आतून ऐकतो तो देवाचाच आहे, हे कशावरून?

'देवाने मला सांगितले'

या बाबतीत आमच्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. पहिले म्हणतात, "फादर, इतकी वर्षे जपमाळ करतो, नोव्हेना करतो, पण देव माझ्याशी एक शब्द बोलला नाही." यांची आम्हाला फारशी काळजी वाटत नाही. जो हाक ऐकू येत नाही म्हणून दुःखी आहे, त्याचा कान उघडा आहे. दुसरे म्हणतात, "फादर, देवाने मला स्पष्ट सांगितले." यांची काळजी वाटायला हवी, हे आम्ही फार उशिरा शिकलो. ज्यांच्यामुळे शिकलो त्यांची हकीकत सांगतो. ती पापनिवेदनात ऐकलेली नाही. त्या सद्गृहस्थांनी स्वतःच 'इतरांच्या उपयोगी पडली तर सांगा' असे म्हटले आहे. तरीही घराच्या खुणा आम्ही बदलल्या आहेत. ते आपल्या या धर्मग्रामातले नाहीत, तेव्हा कृपया शेजारच्या बाकावर पाहू नका.

हे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. राहायला जळगावला, आणि वडिलांचे जुने घर धुळ्याला. त्या घरात धाकटा भाऊ राहत असे, आणि आईचे अखेरपर्यंत त्यानेच केले. आई वारल्यावर महिन्याच्या मिस्सेला सगळे जमले. जेवणे झाल्यावर घराचा विषय निघाला, आईच्या पाटल्यांचा विषय निघाला, आणि बोलू नये ते बोलले गेले. त्या दिवसापासून दोघा भावांचे बोलणे बंद. एस.टी.ने अडीच तासांचे अंतर, पण अकरा वर्षे दोघांपैकी एकानेही ते ओलांडले नाही.

मधल्या काळात एकदा हे गृहस्थ आमच्याकडे आले. चेहरा अगदी शांत. म्हणाले, "फादर, काल पवित्र साक्रामेंताच्या आराधनेत बसलो होतो. भावाचा विचार मनात आला आणि देवाने मला आतून सांगितले, तू शांत राहा, ते माझ्यावर सोड. फार हलके वाटले." आम्हाला आनंद झाला. रविवारी मिस्साला येणारे पुष्कळ असतात, पण संध्याकाळी तासभर आराधनेत बसणारे किती? आम्ही म्हणालो, "देवाचे आभार माना." आणि ते आभार मानून घरी गेले.

त्यांची पत्नी दरवर्षी नाताळात करंज्या करीत असे. एक डबा बाजूला काढून ठेवी. घरात त्याला 'धुळ्याला जायचा डबा' असेच नाव पडले होते. ती दरवर्षी एकदाच म्हणे, "यंदा देऊन येऊ या का?" हे काही बोलत नसत. तीन राजांचा सण झाला की तो डबा घरातच उघडला जाई. असे अकरा नाताळ गेले.

बाराव्या वर्षी उन्हाळ्यात धाकट्या भावाचे हृदयविकाराने निधन झाले. हे गृहस्थ धुळ्याला पोहोचले तेव्हा शवपेटी बंद व्हायची होती. भावजयीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढेच म्हणाली, "उशीर केलात, दादा."

पंधरा दिवसांनी ते आमच्याकडे आले. ते रागावलेले नव्हते, रागावले असते तर आम्हाला सोपे गेले असते. म्हणाले, "फादर, देव माझ्याशी बोलला असे मी तुम्हाला सांगितले तेव्हा तुम्ही खूश झालात. तुम्ही एकच प्रश्न विचारायला हवा होता, आणि तुमच्या भावाचे काय म्हणणे आहे? तो मी त्याला कधी विचारलाच नव्हता."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुण्याला सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, सदसद्विवेकबुद्धीवर निबंध लिहिले. पण हा साधा प्रश्न आम्हाला सुचला नाही.

म्हातारा एली

पवित्र शास्त्रात शमुवेलाच्या पाचारणाची गोष्ट आहे. मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ती हमखास सांगितली जाते. शिलोच्या मंदिरात झोपलेल्या लहान शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते. तो उठतो आणि म्हाताऱ्या एलीकडे धावतो. "मी बोलावले नाही, जाऊन नीज," असे एली सांगतो. असे तीन वेळा घडते. या गोष्टीत आपण शमुवेलाचे कौतुक करतो. त्या प्रसंगानंतर आम्ही ती एलीच्या बाजूने वाचू लागलो.

एली याजक होता. देवाचा आवाज ओळखणे हे त्याचे कामच होते. तरी पहिल्या दोन वेळा त्याला कळले नाही, त्याने मुलाला परत निजायला पाठवले. तिसऱ्या वेळी मात्र त्याच्या लक्षात आले आणि त्याने मुलाला काय उत्तर द्यायचे ते शिकवले. पुढचा भाग आपण मुलांना सहसा सांगत नाही. देवाने शमुवेलाला जे सांगितले ते एलीच्याच घराविरुद्ध होते. एलीचे मुलगे मंदिरात गैरवर्तन करीत होते आणि बापाने त्यांना आवरले नव्हते. सकाळी मूल घाबरलेले होते. एलीने त्याला बोलते केले, काहीही लपवू नकोस म्हणून बजावले, आणि ते कडू बोलणे देवाचे म्हणून स्वीकारले.

एलीपासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, शमुवेलाला हाक ऐकू आली पण ती एकट्याला ओळखता आली नाही, त्याला दुसरे माणूस लागले. दुसरी गोष्ट, एलीला देवाचा शब्द स्वतःच्या अंतःकरणातून आलाच नाही. तो आला एका लहान मुलाच्या तोंडून, आणि तोही त्याला न आवडणारा. आमच्या त्या गृहस्थांना देवाचा आवाज आराधनेत हवा होता. कदाचित तो दरवर्षी नाताळात स्वयंपाकघरातून येत होता, "यंदा देऊन येऊ या का?" एवढ्याच शब्दांत.

आतला आवाज आणि आपली जबाबदारी

येथे कोणी विचारील, की ख्रिस्तसभाच तर सांगते, सदसद्विवेकबुद्धीचे ऐका. मग त्या माणसाने तिचे ऐकले, यात त्याचे काय चुकले?

प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज दिला, त्याच्या सोळाव्या परिच्छेदात विवेकबुद्धीला माणसाचे सर्वांत आतले पवित्र स्थान मानले आहे. तेथे माणूस देवाबरोबर एकटा असतो. त्याआधी सातशे वर्षे संत थॉमस अक्वायनस यांनी याहून धीट गोष्ट सांगितली होती. माणसाची विवेकबुद्धी चुकत असली तरी तिच्याविरुद्ध वागणे हे पापच, कारण जे वाईट आहे असे मनापासून वाटते तेच तो करीत असतो. सेमिनरीत हे शिकताना आम्हा तरुणांना फार मोकळे वाटले होते. म्हणजे शेवटचा शब्द आपल्या आतल्या आवाजाचा!

पण दोघांनीही वाक्य तेथे संपवलेले नाही. चूक कळणे ज्याला शक्यच नव्हते तो निर्दोष, पण ज्याने खरे काय ते शोधण्याची तसदीच घेतली नाही, त्याचे अज्ञान त्याला वाचवू शकत नाही, असेही तेच अक्वायनस सांगतात आणि तेच परिच्छेद सांगतो. घड्याळ पाहून मिस्साला यावे हे योग्य, पण ते बरोबर लावलेले आहे का हे पाहणेही आपल्यालाच भाग आहे. उशिरा पोहोचल्यावर "माझ्या घड्याळात तर नऊच वाजलेत" असे म्हणून भागत नाही.

"पण फादर, मला शांती वाटली होती," असे ते गृहस्थ म्हणाले होते. हा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, कारण देवाच्या आवाजाची खूण म्हणजे मनाची शांती असे आम्ही धर्मगुरूच सांगत असतो. संत इग्नेशियस लोयोला यांनीही ते सांगितले आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते घरी अंथरुणाला खिळले. शूर सरदारांच्या पराक्रमाची स्वप्ने रंगवताना त्यांना मजा येई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांच्या चरित्रांवर विचार केला की नंतरही मन प्रसन्न राही. या 'नंतर'कडे लक्ष देता देता त्यांनी आवाज पारखण्याचे नियम तयार केले. पण त्याच इग्नेशियसनी सावध केले आहे, की सैतान प्रकाशाच्या दूताचे रूपही घेतो. म्हणून विचाराचा नुसता आरंभ पाहू नका, मध्य पाहा आणि शेवट पाहा. आरंभ पवित्र वाटला, पण विचार आपल्याला कोठे नेऊन सोडतो?

आम्ही हा नियम त्या गृहस्थांच्या बाबतीत लावून पाहिला. आरंभ आराधनेत झाला, मध्यात अकरा नाताळ गेले आणि शेवट मिटत आलेल्या शवपेटीपाशी झाला. त्यांना वाटलेली शांती खोटी नव्हती, पण ती दार लावून घेतल्यावर घरात जी शांतता होते त्या जातीची होती. भावाला भेटायला जाण्याचे जे कठीण काम छातीवर होते, ते देवाच्या नावाने उतरले, म्हणून हलके वाटले. देवावर सोडणे आणि देवाच्या नावावर टाळणे बाहेरून सारखेच दिसते. जो देवावर सोडतो, त्याने आपल्या वाटचे आधी केलेले असते.

दोन आगगाड्या

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रेल्वेची नोकरी झाली आहे, म्हणून दोन आगगाड्यांची गोष्ट सांगतो.

पहिली १८९३ सालची. नाशिकहून राजनांदगावला निघालेले एक तरुण ब्राह्मण कवी गाडीत बसले होते, नारायण वामन टिळक. तेव्हाही नागपूरकडे जाणारी वाट आपल्या चाळीसगाव, जळगाव, भुसावळवरूनच होती. डब्यात एका गोऱ्या मिशनरी गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांनी टिळकांना बायबल दिले आणि 'दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल' असे सांगितले. टिळक वाचत गेले, विचार करीत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते प्रोटेस्टंट पंथात गेले, पण त्यांची भक्तिगीते मराठी ख्रिस्ती माणसाने पंथ न पाहता आपली मानली आहेत.

दुसरी गाडी १० सप्टेंबर १९४६ ची, दार्जिलिंगकडे जाणारी. तिच्यात लोरेटो संघाच्या एक सिस्टर होत्या, मदर तेरेजा. गरिबांतल्या गरिबांमध्ये जाऊन राहण्याची हाक त्यांना त्या प्रवासात ऐकू आली. त्या दुसऱ्या दिवशी मठाबाहेर पडल्या नाहीत. त्यांनी ही हाक आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांपुढे ठेवली, मग कलकत्त्याचे आर्चबिशप पेरिये यांच्यापुढे ठेवली. थांबायला सांगितले तेव्हा त्या थांबल्या. प्रश्न विचारले गेले, त्यांनी उत्तरे लिहिली. रोमहून परवानगी आली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्या लोरेटोतून बाहेर पडल्या. पुढे कित्येक वर्षे त्यांना आतून देवाचा स्पर्श जाणवत नव्हता, हे त्यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाल्यावर जगाला कळले. पण १९४६ साली ऐकलेली आणि दोन वर्षे पारखलेली हाक त्यांनी सोडली नाही.

दोघांनाही पारखायला दोन दोन वर्षे लागली. खरा आवाज प्रश्नांना भीत नाही. गब्रिएल दूताने निरोप आणला तेव्हा पवित्र मरियेनेही हे कसे होणार म्हणून विचारले, आणि दूत रागावला नाही, त्याने समजावून सांगितले. जो आतला आवाज म्हणतो, 'कोणाला विचारू नकोस, लगेच कर,' किंवा 'कोणाला विचारू नकोस, काहीच करू नकोस,' त्याच्याविषयी आधी शंका घ्यावी.

पण टिळकांच्या हकीकतीला आणखी एक बाजू आहे, आणि ती आम्हाला अधिक विचार करायला लावते. लक्ष्मीबाईंना पतीच्या धर्मांतराची बातमी ते घडून गेल्यावर कळली. त्यांच्यावर आभाळच कोसळले. पुढे काही वर्षे पतिपत्नीची ताटातूट झाली, लहान मुलाला घेऊन त्यांनी ते दिवस काढले. त्यांचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना ते दुःख ठाऊक आहे. टिळकांनी ऐकलेला आवाज खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही, त्यांचे उरलेले आयुष्यच त्याची साक्ष आहे. पण आवाज खरा असला तरी तो ऐकणाऱ्याचा दुसरा कान बहिरा राहू शकतो. देवाच्या हाकेची किंमत लक्ष्मीबाईंनीही भरली, आणि त्यांना आधी कोणी विचारले नव्हते.

आणि देवाने काय केले? तो लक्ष्मीबाईंसाठी थांबला. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नाही. त्या आपले वेगळे स्वयंपाकपाणी करीत राहिल्या. मग एके दिवशी जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, स्वतःच उत्तर शोधले आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा स्वीकारला. पतीला हाक ऐकू आली ती आगगाडीत, एका विद्वान माणसाच्या तोंडून. पत्नीला ऐकू आली ती घरात, पाण्याच्या भांड्यापाशी. देव प्रत्येकाशी त्याच्या त्याच्या वेळेने बोलतो. एकाने ऐकले म्हणजे घरातल्या सगळ्यांनी ऐकले, असे होत नाही. आई-वडिलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. 'तू सिस्टर व्हावेस ही देवाची इच्छा आहे,' किंवा 'या स्थळाला तू होकार द्यावास ही देवाची इच्छा आहे,' असे मुलीला सांगण्याआधी, देवाने हे तिला सांगितले आहे का, एवढे तिला विचारावे.

ऐकणे हे काम आहे

आपण धुळ्याचे नाव वाईट कारणाने घेतले, आता एका चांगल्या कारणाने घेऊ या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते आणि साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. असे अठरा रविवार झाले. साने गुरुजी समोर बसून ते उतरवून घेत. आज घरोघरी असलेली 'गीता प्रवचने' त्यातून आली. एका माणसाने मन लावून ऐकले म्हणून ते बोलणे टिकले.

आपणही रविवारी ऐकतो. परवा मिस्सा संपल्यावर आम्ही दाराशी उभे राहून चौघांना सहज विचारले, "आज पहिले वाचन कोणत्या पुस्तकातून होते?" चौघेही हसले. आम्हीही हसलो, कारण मागच्या महिन्यात हाच प्रश्न आम्हाला एका धर्मभगिनींनी विचारला होता आणि आम्हालाही क्षणभर आठवावे लागले होते! देव बोलत नाही अशी तक्रार करण्याआधी, तो रविवारी जे बोलला ते आपण ऐकले का, हे पाहायला हवे.

अमळनेरच्या शाळेत शिकवणारे हेच साने गुरुजी पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले, विठ्ठलाच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावे म्हणून. त्यांचा धर्म आपल्याहून वेगळा, पण त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे. जे पटले त्याची किंमत त्यांनी आधी स्वतःच्या देहावर घेतली. आणि आत जे ऐकू आले ते दार उघडण्याविषयी होते. प्रभू येशूचा आवाज ओळखण्याची याहून सोपी खूण आम्हाला ठाऊक नाही. तो आवाज कोणाला तरी आत घ्यायला सांगतो, कोणाकडे तरी जायला सांगतो. उत्तम मेंढपाळ शंभरातल्या एकासाठी स्वतः उठून जातो, त्या एकाने परत येऊन माफी मागावी म्हणून वाट पाहत बसत नाही.

या आठवड्यासाठी

तेव्हा बंधुभगिनींनो, या आठवड्यात एक छोटी गोष्ट करू या. आपल्या मनात एखाद्या माणसाविषयी जो ठाम आवाज आहे, 'त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही', 'तिनेच आधी यावे', 'देव पाहून घेईल', तो घेऊन प्रार्थनेला बसू या आणि देवाला विचारू या, प्रभू, हे तू बोललास की मीच बोललो? मग प्रार्थनेवरून उठून घरातल्या अशा माणसाला विचारू या, जो आपल्याला खूश करण्यासाठी बोलत नाही. बहुतेक घरांत असे एक माणूस असते आणि बहुतेक वेळा आपण त्याचे ऐकत नसतो. आणि शेवटी, ज्याच्याविषयी देव आपल्याशी बोलला असे आपल्याला वाटते, त्या माणसाशी आपण स्वतः बोललो आहोत का, हे पाहू या. तेवढे झाल्याशिवाय 'देवाने मला सांगितले' हे शब्द तोंडातून काढू नयेत. आम्हीही काढणार नाही. आणि यापुढे कोणी तसे सांगत आले, तर आम्ही आनंद मानण्याआधी तो राहून गेलेला प्रश्न विचारू. कृपया राग मानू नये.

याने चूक कधी होणारच नाही, असे नाही. पूर्ण खात्री या जन्मात कोणालाच मिळत नाही, ती मिळाली असती तर श्रद्धेची गरज उरली नसती. त्या ठेलाऱ्याने म्हटले तसे, नव्या मेंढीला आवाज कळत नाही, रोज सोबत राहिल्यावर कळतो. मिस्सा, देवशब्द, पापनिवेदन, घरातली संध्याकाळची प्रार्थना, हे आपले सोबत राहणे आहे. एका रविवारात आवाज ओळखू येत नाही, वर्षे जातात.

ते गृहस्थ आजही नाताळात धुळ्याला जातात. डबा घेऊन जातात. भावजय तो घेते, पुतण्यांच्या मुलांना वाटते. ज्याला द्यायचा होता तो नाही. "फादर, देवाने मला क्षमा केली हे मी मानतो," ते एकदा म्हणाले, "पण एस.टी. पारोळ्याच्या पुढे गेली की दर वेळी वाटते, हा रस्ता एवढाच तर होता."

आपल्यापैकी कोणाचा असा एखादा डबा घरात राहिला असेल, तर अजून वेळ आहे तोवर तो पोहोचता करावा, हीच आमची विनंती आहे.

प्रार्थना: हे उत्तम मेंढपाळा, आमच्या स्वतःच्या आवाजाला आम्ही अनेकदा तुझे नाव दिले, त्याची आम्हाला क्षमा कर. ज्यांच्या तोंडून तू आमच्याशी बोलतोस त्यांचे ऐकण्याची नम्रता आम्हाला दे. आणि तुझी हाक ओळखल्यावर, ऊन असो वा अंतर असो, उठून चालू लागण्याचे बळ दे. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपला,
प्रमुख धर्मगुरू